राखीव रंग

रुचिकाने पान पुन्हा रिफ्रेश केलं. वर कचारगडच्या डोंगराचा फोटो आला, त्याखाली खोल्यांची माहिती आली, फोन नंबर आला, आणि ‘खोली बुक करा’ असं लिहिलेलं बटन जिथे यायला हवं होतं तिथे स्वच्छ पांढरी जागा आली. तिने माउस त्या जागेवर नेला तर बाणाचा हात झाला. म्हणजे बटन होतं. दाबलं तर चालतही होतं. फक्त दिसत नव्हतं.

“रुचे, तुया फोन वाजून राहिला,” ओसरीतून तिची आई देवकाबाई म्हणाली.

“वाजू दे, माय.”

फोन वाजून वाजून थांबला. कोणाचा आहे हे रुचिकाला न बघताही ठाऊक होतं. कचारगडच्या पायथ्याला जाणाऱ्या रस्त्यावर मुन्नालालचं लॉज होतं. माघातल्या जत्रेसाठी त्याला आजपासून खोल्या ऑनलाइन द्यायच्या होत्या, आणि तसं त्याने अर्ध्या सालेकसा गावाला सांगूनही ठेवलं होतं. सकाळपासून तो तिला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होता. लोक विचारून राहिले मॅडम, दबवायचं कुठं? पहिल्या वेळी तिने समजावून सांगितलं, दुसऱ्या वेळी धीर धरा म्हणाली, तिसऱ्या वेळी फोनच ओसरीत चार्जिंगला लावून आली.

ओसरीत खुर्चीवर आई बसली होती. सकाळच्या पहिल्या बसने ती चिचगडहून देवरीला आली होती. अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, मांडीवर कापडी थैली, आणि थैलीचे बंद हाताला गुंडाळलेले, जणू आत्ता कोणी हाक मारली तर उठून चालायचं आहे. उन्हं सरकली तशी रुचिकाने दोनदा खुर्ची सरकवून दिली होती. आईने चहा घेतला, पण जेवायला ती तयार नव्हती. चंदू आला की त्याच्यासंगंच खाईन, म्हणाली.

चंदू म्हणजे चंद्रकुमार, रुचिकाचा मोठा भाऊ. गोंदियात त्याचं शेतीपंपांचं दुकान होतं, दारात गाडी होती. आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा दिसायला लागला होता. गोंदियाच्या दवाखान्यात उद्या सकाळी ऑपरेशन, आज संध्याकाळी भरती व्हायचं. भाऊ सकाळीच गाडी घेऊन देवरीला येणार, आईला उचलणार आणि थेट दवाखान्यात नेणार असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्याने फोनवर ‘मी आहो ना’ म्हटलं होतं.

हे त्याने दिवाळीआधीही म्हटलं होतं. तेव्हा चिचगडचा शालीकराम स्वतःच्या जीपने गोंदियाला निघाला होता आणि चला काकी, सोडून देतो, म्हणून दारात येऊन उभा राहिला होता. आईने त्याला चहा पाजून परत पाठवलं. चंदू येऊन राहिला ना. चंदू आला नाही. त्यानंतरची तारीख आली तेव्हा रुचिका म्हणाली, मी नेते. भावाने फोनवर तिलाच झापलं, तू कायले त्रास घेतेस, मी मेलो का? ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तेव्हा तिला जरा बरंही वाटलं होतं, कारण त्या आठवड्यात कामाचा डोंगर होता. ती तारीखही गेली. डॉक्टरांनी या वेळी स्पष्टच सांगितलं होतं, आता लांबवाल तर डोळा हातचा जाईल.

फोन पुन्हा वाजला. रुचिका उठली, ओसरीत गेली, फोन घेऊन आत आली.

मुन्नालाल नव्हता, नागपूरहून प्रफुल होता. रुचिका वेबसाइट बनवणाऱ्या ज्या छोट्या कंपनीसाठी घरून काम करायची, तिथे तो गिऱ्हाइकांकडून माहिती घेऊन पानात भरायचा. मुन्नालालने आता त्याला फोन लावायला सुरुवात केली होती. प्रफुलचं म्हणणं एवढंच होतं की चूक त्याच्या बाजूने नाही. बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची बटनं दिसतात. याचंच कसं दिसत नाही? आणि समजा रंगाचं काही बिघडलं असेल, तरी फॉलबॅक, म्हणजे राखीव रंग, दिलेला आहे. नारिंगी येईलच की.

“येईलच, तर मग आला का नाही?” रुचिका म्हणाली.

त्यावर प्रफुलने तिला ब्राउझर बदलून बघायला सांगितलं. तो तिने नऊ वाजताच बदलून पाहिला होता.

ही मांडणी मुळात रुचिकाचीच होती. आधी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानात रंग शंभर ठिकाणी लिहिलेला असायचा, आणि कोणाच्या साळ्याला हिरवा आवडला नाही की शंभर ठिकाणी जाऊन बदलावा लागायचा. त्याला कंटाळून तिने प्रत्येक रंगाला एक नाव दिलं, व्हेरिएबल केलं. बटनाचा रंग एकाच जागी लिहायचा, बाकी सगळीकडे फक्त नाव. त्या एका जागी बदल केला की सगळं पान बदलतं. आणि नावापुढे स्वल्पविराम देऊन एक राखीव रंग. गिऱ्हाइकाने काहीच कळवलं नाही, ते नावच पानात कुठे नसलं, तर नारिंगी घ्यायचा. निम्म्या गिऱ्हाइकांना बटनाच्या रंगाशी देणंघेणं नसायचं, त्यांची बटनं मुकाट नारिंगी व्हायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

“काय दिसत नाई म्हन्तेस ते?” आई दारात येऊन उभी होती. थैली हातातच.

“बटन, माय. इथे पाहिजे होतं.”

आई वाकली. नाक पडद्याला टेकेल इतकी जवळ आली. आधी डावा डोळा लावला, मग सवयीने उजवा.

“मले तं काईच दिसत नाई.”

“कोणालाच नाही दिसत.”

“असं व्हय,” आई म्हणाली. तिला जरा समाधान वाटल्यासारखं दिसलं. मग तिने विचारलं, चंदूचा होता का फोन? नाही म्हटल्यावर ती पुन्हा ओसरीत जाऊन बसली. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वर करायची, गाडी पुढे गेली की खाली.

रुचिकाने चंद्रकुमारला फोन लावला. त्याने उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, निकल रहा हूं बस. हाच मेसेज दहा वाजताही आला होता. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला, जरा जोरातच.

मग ती पानाचं सगळं पोट, आतला कोड, उघडून बसली. ओळीमागून ओळ वाचत गेली. मथळ्याचा रंग बरोबर होता. कडांचा बरोबर होता. बटनाच्या ओळीत तिने स्वतः लिहिलेलं जसंच्या तसं होतं, आधी नाव, मग स्वल्पविराम, मग नारिंगी. तिने स्वल्पविराम खोडून पुन्हा दिला. नारिंगीच्या जागी लाल लिहून पाहिला. पांढरं ते पांढरंच. बटनावरची अक्षरं पांढरी, मागचं पान पांढरं, आणि मधे जो रंग हवा तो गायब. तिला त्या बटनाचा, प्रफुलचा आणि मुन्नालालच्या सगळ्या खोल्यांचा इतका वीट आला की ती उठून माठातलं पाणी पिऊन आली. तहान नव्हती.

परत आल्यावर तिने, शेवटचं म्हणून, मुन्नालालचे रंग जिथे भरले होते ती जागा उघडली. ती तिने पाहिली नव्हती, कारण तिथे काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं. मुन्नालालने रंग कळवला नाही असं प्रफुल म्हणाला होता.

तिथे बटनाच्या रंगापुढे लिहिलं होतं, गेंदाफूल.

ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. मग तिने प्रफुलला फोन लावला. प्रफुल म्हणाला, हां, ते माझंच आहे. मुन्नालालला बटन गेंदाफुलासारखं, म्हणजे झेंडूसारखं पिवळं पाहिजे होतं, फुलाचा फोटो पाठवतो म्हणाला होता, तो काही आला नाही. विसरू नये म्हणून मी तिथे नुसतं लिहून ठेवलं. ब्राउझरला कळणार नाही, आणि नाही कळलं की नारिंगी येईल, असा त्याचा हिशोब.

“नाही येत,” रुचिका म्हणाली. “तिथे काहीच नसतं तर आला असता. तिथे काहीतरी आहे ना.”

“पण ते काहीतरी रंगच नाही आहे.”

“ते कामाचं आहे का, हे त्या वेळी कोणी बघत नाही, प्रफुल. नाव आहे, नावात काही लिहिलंय, एवढंच बघतात. मग राखीव रंगाला कोणी विचारतच नाही. आणि नंतर वापरायला जावं तर तो रंग निघत नाही. तोवर परत फिरायची सोय नसते.”

प्रफुल म्हणाला, हे जरा विचित्रच आहे. रुचिकाने ती ओळ पुसली. दुसरं काही लिहिलं नाही, नुसती पुसली, आणि पान रिफ्रेश केलं.

बटन नारिंगी होऊन आलं. ‘खोली बुक करा.’

इतका वेळ घातल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेल्याचा आवाज आला, आणि ओसरीत आईची बांगडी खुर्चीच्या हाताला वाजली. मान वर, मान खाली.

रुचिका फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. दार ओढून घेतलं. या वेळी चंद्रकुमारने उचलला.

“निघूनच राहिलो, रुची. एक गिऱ्हाईक आहे, त्याले रवाना करतो अन्...”

“दादा, तू येणार नाहीस असं सांग.”

“काऊन? येऊन राहिलो ना. टेन्शन नको घेऊ, मी आहो ना.”

“तू ये म्हणून नाही म्हणत मी. रागावत पण नाही. फक्त नाही म्हण. एकदा नाही म्हण म्हणजे मला काहीतरी करता येईल.”

पलीकडे दुकानात कोणीतरी मोटरचा भाव विचारत होतं. त्याला त्याने रुको म्हटलं. मग बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. तो दुकानाबाहेर आला असावा.

“मी पोरगा आहो तिचा,” तो शेवटी म्हणाला. “नाई म्हटलं तं मंग माझं काय राहिलं तिथं?”

वाळत घातलेल्या चादरीचं टोक रुचिकाने मुठीत धरलं.

“नाई जमत, रुची,” तो म्हणाला. “आज बी नाई अन् उद्या बी नाई. त्या दवाखान्यात नाई जमत मले.”

“बरं,” ती म्हणाली.

त्याने फोन ठेवला नाही. तिनेच ठेवला.

आता हे आईला कसं सांगायचं. मागच्या दारापासून ओसरीपर्यंत दोन खोल्या होत्या, त्या तिने जमेल तितक्या सावकाश ओलांडल्या. गाडी बंद पडली म्हणावं की दुकानात साहेबलोक आले म्हणावं? आजवर दोघांनी मिळून आईला असंच काहीबाही सांगितलं होतं. ती आईसमोर उकिडवी बसली.

“माय, दादा नाही येत.”

“उद्या येतो म्हन्ला?”

“नाही. येणारच नाही. जमत नाही म्हणाला.”

आईने बरा डोळा तिच्यावर रोखला. “त्यानं सोताच म्हन्लं? त्याच्या तोंडानं?”

“हो.”

आईने हाताला गुंडाळलेले थैलीचे बंद उलगडले. मनगटावर त्यांचे वळ उठले होते, ते चोळले, आणि विचारलं, “मंग जेवाले काय केलंस? अन् गोंदियाची बस किती वाजता हाय?”

रुचिकाला रडं अपेक्षित होतं, निदान अबोला.

“बसने जायचं होतं तर आधीच नाही का गेलो असतो?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “शालीकरामभाऊ दारात आला होता, माय. मी किती वेळा म्हटलं, मी नेते.”

“तू तं म्हन्लीस,” आई म्हणाली. “पन तो येतो म्हन्ते, अन् मी कशी निघू? उद्या त्याले वाटलं असतं, मायनं माई वाट नाई पायली.”

तिने भात खाल्ला, वरण दोनदा घेतलं.

निघण्याआधी रुचिकाने एक फोन केला, तोही धड आशेने नाही. दुर्गेश्वरी, चंद्रकुमारची बायको, फारशी बोलणारी नव्हती, आणि दोघींमध्ये सणावारापलीकडे फोन होत नसत. रुचिकाने सांगितलं, मी आईला घेऊन बसने येते आहे, रात्री दवाखान्यात तिच्याजवळ राहायला आणखी कोणी असेल तर बरं. दुर्गेश्वरीने मधेच विचारलं, आमगाववरून येणारी बस का? मी स्टँडवर येते. मायच्या खाटेजवळ मीच राहीन. एवढं बोलून तिने फोन ठेवला.

बसमध्ये मुन्नालालचा फोन आला. बटन दिसून राहिलं, एका खोलीचं बुकिंग पण आलं, पण हा तर केसरी झाला मॅडम, आपलं गेंदाफूल ठरलं होतं. रुचिका खिडकीला डोकं टेकवून बसली होती. शेजारी आई झोपली होती आणि प्रत्येक वळणावर तिच्या खांद्यावर कलत होती.

“मुन्नालालजी, आज दिसतंय ना. आज एवढंच,” ती म्हणाली. मुन्नालाल हो नाही करत राहिला, पण तिने फोन बंदच केला.

गोंदियाच्या स्टँडवर दुर्गेश्वरी उभी होती. हातात डबा, खांद्यावर शाल, आणि दवाखान्यात लागणारी आईची जुनी कागदपत्रं, जी चंद्रकुमारच्या कपाटात पडून असतील असं रुचिकाने धरलं होतं. ती एका पिशवीत नीट लावलेली होती. आई पुढे ऑटोत बसेपर्यंत दोघी मागे राहिल्या.

“मागच्या दोन्ही तारखांना मी तुम्हाला म्हणणार होते, ताई,” दुर्गेश्वरी म्हणाली. “मी यांना म्हटलंही होतं, मी नेते मायले. हे म्हणाले, मी आहो ना. मग मी कोणत्या तोंडानं मधे पडू?”

रुचिकाने मान हलवली.

“बाबूजी गेले ना, तेव्हापासून हे त्या दवाखान्याच्या गल्लीतून जात नाहीत. दुकानातून घरी यायला तोच जवळचा रस्ता, पण हे बाजारातून फिरून येतात. त्या दिवशी बाबूजींनी चहा मागितला, म्हणून हे खाली उतरले होते. कप घेऊन वर आले तर...” तिने शाल सारखी केली. “मला पण कधी सांगितलं नाही. कंपाउंडरनं सांगितलं.”

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. वडील, केशोराव, त्याच गल्लीतल्या दवाखान्यात गेले हे रुचिकाला माहीत होतं. चहाचं माहीत नव्हतं.

ऑपरेशन सकाळी लवकर झालं आणि नीट झालं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, थेंबांची बाटली दिली, वाकू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका म्हणून बजावलं, आणि दुपारी घरी जायला परवानगी दिली. कुठे जायचं हे ठरायचं होतं. रुचिका देवरीला म्हणत होती, दुर्गेश्वरी म्हणत होती इथे घर असताना एवढ्या दूर कशाला. दोघींच्या मधे, दोघींचे दंड धरून, आई पायऱ्या उतरली.

गल्ली लांब होती. औषधांची दुकानं, चष्म्याची दुकानं, रसाचा गाडा. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक पांढरी गाडी उभी होती, इंजिन सुरू. गाडीला टेकून चंद्रकुमार उभा होता, गल्लीकडे पाठ करून. त्याचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता, आणि माघाची थंडी अजून सरली नव्हती.

रुचिका थांबली. तशी आईही थांबली. पट्टीच्या डोळ्याने नाही आणि बऱ्या डोळ्यानेही तिला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

“काऊन थांबलीस? कोन हाय तिथं?”

दुर्गेश्वरीने रुचिकाकडे पाहिलं. रुचिकाच्या जिभेवर कालपासूनचं बरंच काही आलं होतं.

“दादा आहे,” ती म्हणाली.

“गल्लीच्या तोंडाशी?”

“हो. तिथेच उभा आहे.”

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, पट्टी जेमतेम झाकली जाईल इतका. मग दोघींच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले.

“तुमी मांगं बसा,” ती म्हणाली. “मी समोर बसतो, त्याच्या बाजूले.”

आणि भिंतीला हात लावत ती पुढे चालायला लागली.